अकरा मिनिटं अंधारात: मोठी फिल्म घरी धुताना आणि स्कॅन करताना



"रोल धुवायला टाकला का?" हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कधीतरी विचारला गेला असेल. छत्तीस फोटो संपेपर्यंत वाट पाहायची, मग रोल स्टुडिओत द्यायचा आणि चार दिवसांनी पाकीट आणायचं. त्या चार दिवसांत तिथे नेमकं काय व्हायचं, हे आपण कधी विचारलं नाही. आज तेच बघू, पण रोलऐवजी तळहाताएवढ्या एका मोठ्या फिल्मवर. आणि धुतलेली निगेटिव्ह संगणकात नीट कशी उतरवायची, तेही बघू.

याचं निमित्त घरगुती आहे. मागच्या भारतवारीत माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात तीन मोठ्या निगेटिव्ह सापडल्या. आजी-आजोबांच्या लग्नाचा वाड्याच्या अंगणातला ग्रुप फोटो. भिंतीवरची त्याची प्रत कसरीने केव्हाच खाल्ली होती. त्या फोटोतल्या माणसांना नावानिशी ओळखणारी एकच व्यक्ती आता उरली आहे, माझी मावशीआजी. तिने सात वर्षांची असताना त्या फोटोत पहिल्या रांगेत फतकल मारली होती. "मागच्या रांगेतले कोण कोण होते ते एकदा बघायचंय गं," एवढंच ती म्हणाली.

निगेटिव्ह घेऊन हॅलिफॅक्सला परतले, पण त्या लगेच स्कॅनरवर ठेवायची हिंमत होईना. प्रयोगशाळेतला नियम आहे: एकमेव नमुन्यावर पहिला प्रयोग करायचा नाही. म्हणून आधी नवी फिल्म आणली, उसना कॅमेरा घेतला आणि हात साफ करायला बसले.

मोठी म्हणजे किती मोठी?

भात्याचा लाकडी कॅमेरा, तीन पायांचा स्टँड आणि काळ्या कपड्यात डोकं खुपसलेला फोटोग्राफर, हे चित्र तुम्ही पाहिलं असेल. त्या जातीचे कॅमेरे आजही मिळतात. त्यांत रोल नसतो, एकेक सुटी फिल्म होल्डरमध्ये भरावी लागते. सर्वांत प्रचलित आकार ४×५ इंच.

आपल्या जुन्या रोलवरची एक चौकट २४×३६ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. ४×५ इंचाच्या फिल्मचं क्षेत्रफळ जवळजवळ १२,९०० चौरस मिमी, म्हणजे सुमारे पंधरापट. १६×२० इंचाची प्रत काढायची तर रोलवरची चौकट सतरापट मोठी करावी लागते, ही मात्र फक्त चौपट. चित्र कमी ताणलं की दाणाही कमी दिसतो आणि बारकावेही टिकतात.

हॅलिफॅक्समध्ये मोठ्या निगेटिव्हचा विषय निघाला की वॉलेस मॅकॅस्किल हे नाव येतंच. केप ब्रेटन बेटावरच्या सेंट पीटर्स गावातला हा फोटोग्राफर १९५६ साली वारला. त्याने आयुष्यभर इथली जहाजं, धक्के आणि कोळी टिपले. १९२१ मध्ये लुननबर्गला पाण्यात उतरलेलं 'ब्लूनोज' हे शिडाचं जहाज तुम्ही कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर पाहिलं असेल. १९२९ साली निघालेलं ब्लूनोजचं पन्नास सेंटचं टपाल तिकीट मॅकॅस्किलच्या फोटोंवर बेतलेलं आहे. त्याच्या निगेटिव्ह इथल्या युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवरच्या नोव्हा स्कॉशिया आर्काइव्हजमध्ये जपल्या आहेत. त्यांतून आजही नवी प्रत काढता येते, कारण त्या नीट धुतल्या गेल्या आणि नीट ठेवल्या गेल्या. माझ्या पीएचडीच्या वर्षांतली हार्ड डिस्क मात्र आत्ताच उघडत नाही.

फोटोचं विरजण

फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. क्षणभर शटर उघडलं, प्रकाश पडला. आता फिल्म कशी दिसेल? होती तशीच. डोळ्यांना काहीही फरक दिसणार नाही.

पण फरक पडलेला असतो. प्रकाशकण स्फटिकातला इलेक्ट्रॉन मोकळा करतो. तो स्फटिकातल्या एखाद्या दोषाच्या जागी अडकतो आणि तिथे चांदीच्या एका आयनाला ओढून त्याचा अणू बनवतो. असं त्याच जागी पुन्हा पुन्हा घडलं की तीन-चार अणूंचा ठिपका तयार होतो. या प्रक्रियेचा सिद्धान्त गर्नी आणि मॉट यांनी १९३८ मध्ये मांडला. अशा ठिपक्यांनी बनलेल्या चित्राला अव्यक्त प्रतिमा म्हणतात. चित्र आहे, पण दिसत नाही.

आता थोडं गणित. एक मायक्रॉन बाजूचा सिल्व्हर ब्रोमाइडचा घन घेतला तर त्यात चांदीचे साधारण दोन हजार कोटी अणू असतात. प्रकाशाने त्यातले चारच बदलले. उरलेलं काम डेव्हलपर करतो. तो चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन पुरवतो, पण सुरुवात करायला त्याला तो चार अणूंचा ठिपका लागतो. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण लावावं तसंच हे. ठिपका असलेला स्फटिक बघता बघता सगळाच्या सगळा चांदी होतो, म्हणजे काळा दिसतो. ठिपका नसलेला तसाच राहतो.

विरजणाची उपमा आणखी एका बाबतीत लागू पडते. दही जास्त वेळ ठेवलं तर आंबतं. फिल्म डेव्हलपरमध्ये जास्त वेळ राहिली तर प्रकाश न लागलेले स्फटिकही हळूहळू काळे पडू लागतात आणि चित्रावर धुरकटपणा येतो. आणि ऊब मिळाली की दोन्ही कामं लवकर होतात. म्हणून फिल्म धुताना घड्याळ आणि थर्मामीटर हीच खरी हत्यारं.

अंधारातली कृती

मी वापरली ती इल्फर्डची एफपी-४ प्लस ही कृष्णधवल फिल्म आणि आयडी-११ हा डेव्हलपर, तेवढंच पाणी मिसळून. या जोडीला २० अंश सेल्सिअसला ११ मिनिटं लागतात.

१. सिनेमात दिसणारा लाल दिवा इथे चालत नाही. ही फिल्म लाल प्रकाशही टिपते. बाथरूमच्या दाराची फट टॉवेलने बुजवा, दिवा घालवा, पाच मिनिटं थांबा. डोळे सरावल्यावर कुठून उजेड येतोय ते कळतं.

२. अंधारात फिल्मची लेपाची बाजू कशी ओळखायची? कडेला खाचा असतात. फिल्म उभी धरून खाचा वरच्या कडेला उजव्या कोपऱ्यात आल्या, की लेप तुमच्याकडे तोंड करून आहे.

३. चारपर्यंत फिल्म असतील तर त्या एकेक करून साध्या पाण्याच्या ट्रेमध्ये सोडा. कोरड्या फिल्म एकमेकींवर पडल्या तर चिकटतात. एक पूर्ण भिजली की मगच दुसरी सोडायची.

४. मग डेव्हलपर. तळातली फिल्म काढून वर ठेवायची, पुन्हा तळातली वर. पत्ते पिसल्यासारखं, पण संथपणे. लेपाजवळचं रसायन वापरलं जातं, ते हलवत राहिलं नाही तर काम असमान होतं. ज्यांना ट्रे नको त्यांनी उजेड न शिरणारी टाकी आणि तिच्यात बसणारा शीट फिल्मचा होल्डर घ्यावा. मग फक्त फिल्म भरताना अंधार लागतो.

५. अकरा मिनिटं झाली की स्टॉप बाथ, म्हणजे सौम्य आम्ल. डेव्हलपर अल्कधर्मी माध्यमात चालतो. आम्ल लागताच तो थांबतो.

६. मग फिक्सर, आपल्या स्टुडिओवाल्यांचा 'हायपो'. न वापरले गेलेले स्फटिक थायोसल्फेट विरघळवून काढतं. हा गुणधर्म जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदवला होता, फोटोग्राफी जाहीर होण्याच्या वीस वर्षं आधी. दुधट दिसणारी फिल्म स्वच्छ व्हायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ ठेवा. यानंतर दिवा लावायला हरकत नाही.

७. शेवटी धुणं. टाकीत पाणी भरून पाच वेळा उलटसुलट करायचं, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. इथे कंटाळा नको. लेपात उरलेला हायपो पुढे अनेक वर्षं चांदीवर काम करत राहतो, आणि चित्र पिवळं पडत विरतं.

हॅलिफॅक्सचं नळाचं पाणी पॉकवॉक तलावातून येतं. ते मृदू आहे, त्यामुळे वाळलेल्या फिल्मवर क्षारांचे डाग फारसे पडत नाहीत. पुण्यात बोअरच्या पाण्याने हे केलंत तर शेवटची खळबळ ऊर्ध्वपातित पाण्याचीच करा. उलट इथे हिवाळ्यात नळाचं पाणी बर्फासारखं, तेव्हा सगळ्या बाटल्या कोमट पाण्याच्या टबात ठेवून २० अंशांवर आणाव्या लागतात. तिकडे मे महिन्यात याच कामाला बर्फ लागेल. २४ अंशांना अकराऐवजी आठेक मिनिटंच पुरतात. चार अंशांनी एवढा फरक पडतो.

वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका. त्यात विरघळलेली चांदी असते आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक आहे. बाटलीत साठवून पालिकेच्या घरगुती घातक कचरा केंद्रात द्या.

माझी चूक, आणि तिने शिकवलेलं

पहिल्या खेपेला मी चार फिल्म घाईने पाण्यात सोडल्या. दोन चिकटल्या. अंधारात ते कळलं नाही, मी आपली पिसत राहिले. दिवा लावला तेव्हा एका फिल्मवर बंदरातल्या जॉर्जेस बेटाच्या दीपगृहाच्या जागी आंब्याच्या कोयीएवढा पांढुरका पट्टा होता. तिथे डेव्हलपर पोचलाच नव्हता.

दुसरी चूक जास्त बोधप्रद होती. धुक्यातल्या धक्क्याचा फोटो मी मीटरने सांगितल्याप्रमाणे १० सेकंद दिला. पण मंद प्रकाशात ठिपक्यातले सुटे अणू पुढचा प्रकाशकण येईपर्यंत टिकत नाहीत, मोडून जातात. म्हणून लांब एक्सपोजरला हिशेबापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. या फिल्मला १० सेकंदांच्या जागी सुमारे १८ द्यायला हवे होते. परिणाम असा, की धक्क्याखालची सावली निगेटिव्हवर कोऱ्या काचेसारखी पारदर्शक राहिली.

मग मी ती फिल्म जास्त वेळ धुतली असती तर? उपयोग नव्हता. उजळ भागात ठिपके भरपूर असतात, तिथे वेळ वाढवला की काळेपणा वाढत जातो. सावलीत मुळात ठिपकेच नाहीत, तिथे वाढायला काही नसतं. म्हणजे सावलीचं भवितव्य शटर ठरवतं आणि उजळ भागाचं भवितव्य घड्याळ. स्कॅनर यातलं काहीच ठरवत नाही. तो फक्त वाचतो.

किती डीपीआय पुरे?

आता वाचनाकडे वळू. घरगुती फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर ६४०० डीपीआय असे आकडे असतात. तो संवेदकाचा हिशेब असतो. आतल्या भिंगांमुळे प्रत्यक्षात वेगळे दिसणारे बारकावे त्याच्या निम्म्याहूनही कमी असतात. पण घाबरू नका. आपल्याला मुळात किती हवेत?

२४०० डीपीआय म्हणजे मिलिमीटरला सुमारे ९४ बिंदू. एक काळी आणि एक पांढरी रेघ ओळखायला किमान दोन बिंदू लागतात, म्हणजे मिलिमीटरला साधारण ४७ रेघजोड्या. दुसरीकडे, मोठ्या कॅमेऱ्याचं भिंग बहुधा एफ/२२ वर वापरतात. एवढ्या लहान छिद्रातून जाताना प्रकाश विवर्तनाने पसरतो. हिरव्या प्रकाशासाठी मिलिमीटरला सुमारे ८० रेघजोड्यांना सगळं एकजीव होतं, आणि तीस-पस्तीसलाच रेघांमधला फरक निम्मा उरतो. म्हणजे खरेखुरे २४०० डीपीआय मिळाले तर निगेटिव्हवर जे ठळक आहे ते जवळजवळ सगळं हाती लागतं. ४×५ इंचाला ९६०० × १२,००० बिंदू, म्हणजे साडेअकरा कोटी. यापुढे आकडा वाढवला तर फक्त फाइल फुगते.

आठ बिट की सोळा?

निगेटिव्हचा काळेपणा घनता या मापात मोजतात. घनता १ म्हणजे दहातला एक भाग प्रकाश आरपार जातो, २ म्हणजे शंभरातला एक, ३ म्हणजे हजारातला एक. निगेटिव्हमधले दाट भाग म्हणजे फोटोतले उजळ भाग: आकाश, पांढरी टोपी, नऊवारीची जर.

समजा तिथली घनता २ आहे. आठ बिटांत एकूण २५६ पायऱ्या. रेषीय मोजमापात त्याचा शंभरावा भाग म्हणजे अडीच पायऱ्या. सगळ्या पांढऱ्या कपड्यांच्या चुण्या अडीच पायऱ्यांत कशा मावणार? सोळा बिटांत ६५,५३६ पायऱ्या असतात, त्यामुळे त्याच जागी सहाशेपन्नास मिळतात. फाइल दुप्पट होईल, होऊ द्या. सॉफ्टवेअरमधलं आपोआप उजळवणं आणि धार लावणं बंद करा, टिफ स्वरूपात साठवा, आणि उलटं चित्र सुलटं करण्याचं काम नंतर प्रतीवर करा. मूळ स्कॅनला हात लावू नका.

वलयं, धूळ आणि उंची

फिल्म थेट काचेवर ठेवली तर पाण्यावरच्या तेलासारखी वलयं दिसतात. फिल्मची गुळगुळीत पाठ आणि काच यांच्यामध्ये हवेचा अतिशय पातळ थर अडकतो आणि दोन पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात. यांना न्यूटनची वलयं म्हणतात. उपाय: किंचित खरखरीत काच वापरा, किंवा लेपाची बाजू काचेकडे करा आणि चित्र नंतर आरशासारखं उलटवा. लेप तेवढा गुळगुळीत नसतो.

अवरक्त किरणांनी धूळ शोधून पुसणारी सोय कृष्णधवल निगेटिव्हला वापरू नका. तिला चांदी आणि धूळ यांतला फरक कळत नाही, चित्रच पुसलं जातं. हवेचा फुगा, मऊ ब्रश आणि धीर एवढंच वापरा.

आणि स्कॅनरचा फोकस नेमका कुठे आहे ते तपासा. काचेपासून मिलिमीटरभर वर-खाली असू शकतो. फिल्मखाली कागदाच्या घड्या वाढवत तीन-चार स्कॅन करा आणि सर्वांत स्पष्ट कोणता ते पाहा.

माळ्यावरच्या निगेटिव्ह

तुमच्याही घरी असा डबा असू शकतो. पुढच्या भारतवारीत शोधा, पण उघडताना आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा वास म्हणजे अ‍ॅसिटेटचा पाया विघटित होतोय. दमट, गरम हवेत हे भरभर वाढतं आणि फिल्म आकसून लेप सुरकुततो. अशा निगेटिव्ह आधी स्कॅन करा आणि बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवा. साधारण १९५० पर्यंतच्या काही फिल्म नायट्रेटच्या असतात आणि त्या अतिशय ज्वालाग्राही असतात. कडेला इंग्रजीत 'सेफ्टी' छापलं असेल तर चिंता नाही. पिवळट, चिकट आणि उग्र वासाची असेल तर ती सामानात घालून विमानात नेऊ नका, तिथल्याच एखाद्या अभिलेखागाराचा सल्ला घ्या. धुतलेल्या निगेटिव्हला विमानतळावरच्या क्ष-किरणांचा धोका नाही, न धुतलेल्या फिल्मला आहे. निगेटिव्ह कडेनेच धरा आणि आम्लरहित कागदात ठेवा.

आता आमच्या तीन निगेटिव्ह. कडेला 'सेफ्टी' होतं, वास नव्हता. हाफ प्लेट आकार, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. २४०० डीपीआय, सोळा बिट. मागच्या रांगेतला चेहरा निगेटिव्हवर जेमतेम तीन मिलिमीटरचा, पण स्कॅनमध्ये तो २८० बिंदू रुंद झाला. माणूस ओळखायला तेवढं भरपूर होतं. आजीच्या गालांवर बारीक समांतर रेघा दिसल्या. स्टुडिओवाल्याने निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलीने चेहरा उजळला होता, नव्या नवरीसाठी.

मावशीआजीला व्हिडिओ कॉलवर एकेक चेहरा मोठा करून दाखवला. तिने मागच्या रांगेतल्या अकरांपैकी नऊ नावं सांगितली, मी लिहून घेतली. दहावा माणूस फोटो काढताना हलला होता. अकरावी बाई मांडवाच्या सावलीत उभी होती, आणि निगेटिव्हच्या त्या कोपऱ्यात नुसती पारदर्शक फिल्म आहे. मी सोळा बिटांतल्या सगळ्या पायऱ्या ताणून पाहिल्या, हाती फक्त खरखर आली. धक्क्याखालच्या सावलीसारखीच ती जागा. त्या दिवशी तिथे पुरेसा प्रकाश पोचलाच नाही.

"असू दे," मावशीआजी म्हणाली, "नऊ तर सापडले." मग तिने मला त्या नऊ जणांबद्दल सांगायला सुरुवात केली. इथे रात्रीचे साडेअकरा झाले होते.

तुमचा डबा सापडला तर स्कॅनर नंतर बघू. नावं सांगणारं माणूस घरात असेल तर खिडकीच्या उजेडात मोबाइलने निगेटिव्हचा फोटो काढा, फोनमध्येच रंग उलटे करा आणि आधी त्यांना दाखवा. नीट ठेवली तर निगेटिव्ह थांबू शकते.